बारा वर्षांच्या मुलीला रोज आठ किलोमीटर: सरांशी कसं बोलायचं आणि त्याआधी काय थांबवायचं

ताई, आधी नडगीचं बोलू. सर बरोबर की तुम्ही, हे त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी सातवीत, साडेबारा वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळा. १४ वर्षांखालील गटात ६०० मीटरमध्ये ती तालुक्यात पहिली आली आणि तीन आठवड्यांवर जिल्हास्पर्धा आहे. सर सोमवार ते शुक्रवार रोज ८ किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळवतात, शनिवारी ग्राउंडवर ४०० मीटरच्या दहा फेऱ्या आणि रविवारी १२ किलोमीटर. पंधरा दिवसांपासून उजवी नडगी दुखतेय, आता जिना उतरतानाही दुखायला लागलीय. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सगळ्याच पोरांची दुखते, पळून पळून जाते." तिचे बाबा सरांच्या बाजूचे. तुम्ही विचारताय, तिला यातून काढून घेऊ का?

काढून घेऊ नका. पण पळणं उद्यापासून बंद करा. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि घाईत आईवडील त्या एकच समजतात.

आज संध्याकाळी तिला पलंगावर पाय सोडून बसवा. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर अंगठा हळूहळू दाबत न्या. चार-पाच बोटांच्या लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या वरच्या आवरणावर आणि तिथल्या स्नायूंवर ताण आलाय. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर ती कळवळली, तर हाडाला ताणाने बारीक चीर पडायला लागली असण्याची शक्यता धरून चाला. लंगडी घालताना त्याच जागी दुखणं, साधं चालताना दुखणं, रात्री झोपेत दुखणं ही त्याचीच लक्षणं. एक जागा बोटाने दाखवता येत असेल तर लंगडी घालायला लावून खात्री करत बसू नका. तुमच्या पत्रातल्या जिन्याच्या उल्लेखामुळे मी म्हणतो, या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तिथे एक लक्षात ठेवा. अशा चिरेचा एक्सरे पहिले दोन-तीन आठवडे अगदी स्वच्छ येऊ शकतो. "एक्सरे नॉर्मल आहे, पळू द्या" एवढ्यावर परत येऊ नका. दाबल्यावरचं दुखणं तसंच असेल तर पुढे काय करायचं, एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. चीर निघालीच तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद राहील. लवकर धरली तर एवढ्यावर भागतं. दुखणं दाबून जिल्हास्पर्धा पळवली तर पूर्ण हाड मोडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आणि वेदनाशामक गोळी देऊन मुलाला पळवणं कुठल्याही स्पर्धेसाठी करायचं नाही. गोळीने चीर भरत नाही, फक्त कळायची बंद होते.

"पळून पळून जाते" हे सरांचं वाक्य अर्ध्या दुखण्यांना लागू आहे, म्हणून ते टिकून राहिलंय. सुट्टीनंतर ग्राउंडवर आलेल्या मुलाच्या पोटऱ्या, मांड्या दोन दिवस भरून येतात आणि खरंच पळून मोकळ्या होतात. ते दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, मऊ भागात असतं आणि दिवसागणिक कमी होतं. एकाच पायात, हाडावर, सांध्यापाशी असलेलं आणि दिवसागणिक वाढणारं दुखणं पळून जात नाही. वाढत्या मुलांमध्ये गुडघ्याच्या खालचं हाड टेंगळासारखं पुढे येऊन दुखतं, टाचेच्या मागे दुखतं. तिथे हाडाची वाढ अजून चालू असते आणि स्नायूची दोरी नेमकी त्याच कोवळ्या जागेला ओढत असते. ही मुलं नाजूक नसतात. उलट सगळ्यात जास्त मेहनत करणारीच असतात.

मी स्वतः बरीच वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता मध्यम अंतराच्या मुलामुलींना तयार करतो. त्यामुळे सरांच्या जागी उभं राहूनही थोडं सांगतो. चाळीस मुलं, एक शिक्षक, दोनशे मीटरचा मुरमाचा ट्रॅक, तोही पावसाळ्यात चिखल. सगळ्यांना एकदम कामाला लावायचं तर रस्त्यावर पळवणं सगळ्यात सोपं. शिट्टी वाजवली की मुलं निघतात आणि परत येईपर्यंत कुणी नुसतं बसून राहत नाही. त्यात पहाटे साडेपाचला स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकून येणारा शिक्षक असेल तर त्याची तळमळ खोटी नसते. तुमचे सर असेच असावेत असं पत्रावरून वाटतं. त्यांना शत्रू ठरवून बोलायला जाऊ नका.

पण त्यांच्या हिशेबात चूक आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल. पाच दिवसांचे ४०, शनिवारचे ४, रविवारचे १२ असे आठवड्याला ५६ किलोमीटर झाले. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बाबा सायकलवर मागे राहून तिला आणखी ३ किलोमीटर पळवतात. म्हणजे ६२. हे सरांना माहीत नाही. माझ्याकडची या वयाची मुलगी आठवड्याला १२-१५ किलोमीटरच्या वर जात नाही आणि त्यातलंही बरंचसं गवतावर किंवा मातीवर असतं. ६२ किलोमीटर हा आकडा पंचविशीतल्या, चांगल्या धावणाऱ्या नोकरदार माणसालाही जपून गाठावा लागतो.

आणि हे सगळं कशासाठी? तिची शर्यत ६०० मीटरची आहे. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालच्या मुलांना पळण्याचं सगळ्यात लांब अंतर हेच. भारतीय अॅथलेटिक्स महासंघाच्या आंतरजिल्हा ज्युनिअर स्पर्धेत तर या वयाला ट्रायथलॉन ठेवलंय. म्हणजे ६० मीटर आणि लांब उडी सगळ्यांना, आणि त्यासोबत कुणाला उंच उडी, कुणाला गोळा, कुणाला ६०० मीटर. ज्यांनी हे नियम केले त्यांनी मुद्दामच लांबचं अंतर ठेवलेलं नाही. या वयात मुलानं वेगात पळावं, उडी मारावी, फेकावं, अंगाला सगळ्या हालचाली याव्यात, एवढंच त्यामागे आहे.

सर म्हणतात, १७ वर्षांखालच्या गटात ३००० मीटर पळवायचंय, पाया आत्ताच घालतोय. पाया हा शब्द बरोबर आहे, फक्त बारा वर्षांच्या वयात पाया म्हणजे किलोमीटर नव्हेत. या वयाच्या मुलांची श्वासाची क्षमता वजनाच्या मानाने आधीच चांगली असते. लांब पळवून ती मोठ्या माणसासारखी झपाट्याने वाढत नाही. कमी पडतं ते दुसरंच. पाऊल कुठे पडतं, कंबर बसते का, खांदे ताठ होतात का, शेवटच्या शंभर मीटरला पाय उचलतो का. थकलेल्या पायांनी रोज ८ किलोमीटर रखडत पळणारी मुलगी रखडत पळायलाच शिकते. माझ्याकडे बाहेरून येणाऱ्या मुलांमध्ये हे लगेच दिसतं. दम भरपूर, पण ६० मीटर जोरात पळ म्हटलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. ती सवय मोडायला एक-दोन हंगाम जातात. शनिवारच्या ४०० च्या दहा फेऱ्यांचंही तेच. ज्या शक्तीवर माणूस दमछाक होईपर्यंत ४०० मीटर ओढतो, ती या वयात शरीरात पुरती तयारच झालेली नसते. त्यामुळे त्रास पूर्ण होतो आणि फायदा फार थोडा.

मग तालुक्यात ती पहिली कशी आली? याचं उत्तर सरांनाही फसवतं. तालुक्याच्या ६०० मीटरमध्ये उतरणाऱ्या बहुतेक मुली महिनाभरही नीट सराव केलेल्या नसतात. त्यांच्यात कुठल्याही पद्धतीने रोज पळणारी मुलगी पहिली येणारच. पहिल्या वर्षी वेळ भराभर कमी होते आणि सगळ्यांना वाटतं, पद्धत बरोबर आहे. ती बरोबर होती का, हे कळतं सोळाव्या वर्षी. तोवर मुलगी पळत असेल तर.

आणखी एक कारण आहे उंची. मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची तेरा-चौदाच्या. त्या काळात हाडं लांब आधी होतात आणि त्यांच्यात कॅल्शियम भरून ती घट्ट व्हायला मागून वेळ लागतो. मधल्या काळात हाड लांब पण कच्चं असतं. स्नायूही ताणलेले, आणि लांब झालेले हातपाय सांभाळायला मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. काल छान पळणारी मुलगी अचानक धडपडायला लागते ती याचमुळे. म्हणून माझ्याकडे प्रत्येक मुलाची उंची तीन महिन्यांनी घरी दाराच्या चौकटीवर मोजून वहीत लिहायची पद्धत आहे. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली की मी त्या मुलाचं पळणं कमी करतो आणि ड्रिल्स (पळण्यातल्या हालचाली सुट्या करून घोटणं), तोल, पोटापाठीचे व्यायाम वाढवतो. तुमच्या मुलीचा गणवेश या वर्षी आखूड झाला असं तुम्ही लिहिलंय. सरांना सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच आहे आणि ती त्यांच्याकडे नाही, कारण ते तिला चाळीस जणांत पाहतात.

सर ललिता बाबरचं उदाहरण देतात. द्यायलाच हवं, माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली, याचा अभिमान आपल्या भागातल्या प्रत्येक घरात आहे. पण ते उदाहरण पूर्ण द्यावं. ती आधी लांब अंतराची धावपटू म्हणून नावारूपाला आली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळली ती पंचविशीत. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत कांस्य. २०१६ मध्ये रिओला प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि अंतिम फेरीत दहावी. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. लहानपणी शाळेसाठी रोजची लांब पायपीट, बारावीनंतर सैन्य, महार रेजिमेंट, सियाचीनची नेमणूक. सैन्यात आधी क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानावरून लांब पळणं, आणि मग स्टीपलचेस. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. रिओला ललिता आणि बर्मिंगहॅमला अविनाश, दोघंही त्या त्या दिवशी २७ वर्षांची होती. तुमच्या मुलीला २७ व्हायला अजून जवळजवळ पंधरा वर्षं आहेत. शाळेपर्यंत चालत-पळत जाणं, शेतात हिंडणं, खो-खो खेळणं याने पाय तयार होतात यात शंकाच नाही. पण तिथे मूल दमलं की चालायला लागतं, कुणी घड्याळ घेऊन मागे नसतं. ठरवून दिलेल्या ८ किलोमीटरमध्ये ती सोय नाही.

तिच्या वयाचा चांगला सराव कसा दिसतो हेही सांगतो, म्हणजे सरांकडे नुसतं "कमी करा" म्हणून जायची वेळ येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस ग्राउंड, फार तर चार. सुरुवातीला पंधरा मिनिटं वॉर्मअप, त्यात शिवाशिवी, साखळी असे खेळ आले तर उत्तम. मग ड्रिल्स. मग शरीर ताजं असतानाच ४०-६० मीटर जोरात, चार-सहा वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती देऊन. त्यानंतर उड्या, छोटे अडथळे, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) असेल तर फेकणं. शेवटी पंधरा-वीस मिनिटं सावकाश पळणं, सोबतच्या मुलीशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं सावकाश. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा ३०० किंवा ४०० मीटर एकसारखा वेग धरून पळायला शिकवणं, कारण ६०० मीटरमध्ये पहिली दोनशे उधळली की शेवट चालत येतो. उरलेल्या दिवसांत एखादा दुसरा खेळ आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने, सलग नको, तुकड्यातुकड्यांनी, पळण्याचा ठरलेला सराव नाही. आपल्याकडे वार्षिक परीक्षा आणि वैशाखातलं ऊन याला अगदी सोयीचे आहेत. आठवड्याचे सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या पुढे जाऊ नयेत, असा एक ढोबळ नियम बालरोगतज्ज्ञ सांगतात. बारा वर्षांचीला बारा तास, शाळेचा पीटीचा तास आणि संध्याकाळचा खो-खो धरून. ती वरची हद्द आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही.

पाणी सरावात मध्येच द्यायचं. "पळताना पाणी प्यायलं की पोटात दुखतं" म्हणून दीड तास कोरडं ठेवणारे अजून आहेत.

आता थोडं तिच्या जेवणाचं आणि पाळीचं, कारण मुलींच्या पळण्यातलं निम्मं गणित इथे आहे आणि ते सरांकडून अपेक्षित धरता येत नाही. पाचला उठून रिकाम्या पोटी ८ किलोमीटर, घरी येऊन घाईत चहा-बिस्किट, मग शाळा. वाढत्या, पळणाऱ्या मुलीचं हे खाणं नाही. निघण्याआधी केळं किंवा दोन-तीन खजूर. आल्यावर तासाभरात खरं जेवण, म्हणजे भाकरी आणि उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, दूध, शेंगदाणे-गूळ, नाचणी. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. मुलगी "ढिली पडली", "मन लावून पळत नाही" असं सर म्हणायला लागले की आधी हिमोग्लोबिन तपासा. बारा ते चौदा वयाला ते १२ च्या खाली नको. सोबत फेरिटिनही करून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो आणि तो फेरिटिनमध्ये कळतो.

पाळी सुरू झाली की पुढचं वर्ष-दीड वर्ष बऱ्याच मुलींची वेळ सुधारत नाही, कधी वाढतेही. कंबर रुंदावते, वजन वाढतं, हे व्हायलाच हवं. याच टप्प्यावर कुणीतरी म्हणतं, "वजन कमी कर, पळायला जड झालीस." हे वाक्य घरातही येऊ देऊ नका. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी लांबते, थांबते, आणि त्याबरोबर हाडं पोखरली जातात. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली तीन महिने थांबली, तर डॉक्टरांकडे जायचं. "पळणाऱ्या मुलींचं असंच असतं" म्हणून सोडायचं नाही.

झोपेचंही तसंच. पाचला उठायचं तर आठपर्यंत अंथरुणात असायला हवं. ट्यूशन नऊला सुटते असं तुम्ही लिहिलंय. मग सकाळचा सराव आणि रात्रीची ट्यूशन यातलं एक हलवावं लागेल आणि तो निर्णय सरांचा नाही, तुमचा आहे.

इथेच मला जी वाटणी सांगायचीय ती येते. दुखणं, डॉक्टर, औषध, झोप, जेवण, पाळी यांत शेवटचा शब्द घराचा. सर कितीही मोठे असोत, तिथे तुम्ही "नाही" म्हणालात की विषय संपला पाहिजे. कुठलं ड्रिल, किती फेऱ्या, शर्यतीत पहिले दोनशे कसे पळायचे, कुणाच्या मागे राहायचं, यांत शेवटचा शब्द सरांचा. तिथे आईवडिलांनी कठड्यावरून सूचना द्यायच्या नाहीत आणि घरी आल्यावर "सर सांगतात ते सोड" असंही म्हणायचं नाही. मूल दोन माणसांच्या मध्ये सापडलं की ते दुखणं दोघांपासूनही लपवतं. उरला आठवड्याचा एकूण भार. तो दोघांनी मिळून ठरवायचा, कारण अर्धी माहिती तुमच्याकडे आहे आणि अर्धी त्यांच्याकडे. बाबांचे संध्याकाळचे ३ किलोमीटर याच कारणाने आज बंद करायचे. आपण सरांकडे कमी करा म्हणायला जाणार आणि घरी न सांगता वाढवणार, हे चालणार नाही.

बाबांना माझं सांगणं आहे. तुम्ही दहावीला खेळासाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचं म्हणालात, पुढे पोलीस भरतीचंही. दोन्ही खऱ्या गरजा आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. आमच्या कितीतरी मुलींची घरं त्या भरतीवर उभी राहिली. पण भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं, आणि तेही अठरा पूर्ण झाल्यावर. दहावी अजून तीन वर्षं लांब आहे. त्या दोन्ही दिवशी तिचे पाय धड असणं, ही पहिली अट. आणि जिल्ह्याला उतरणाऱ्या काही मुली तिच्यापेक्षा डोकाभर उंच दिसतात म्हणून घाबरून सराव वाढवू नका. कुणाची वाढ लवकर झालेली असते, कुणाच्या दाखल्यावरचं वय खरं नसतं. त्यातलं काहीच आपल्या मुलीला जास्त पळवून भरून निघत नाही. उशिरा वाढणारी मुलं सोळा-सतराला या सगळ्यांना गाठतात, तोवर ती ग्राउंडवर टिकली तर.

टिकण्याचा हा मुद्दा मुलींसाठी फार मोठा आहे, म्हणूनच मी काढून घेऊ नका म्हणालो. आपल्याकडे तेरा-चौदाला ग्राउंड सोडलेली मुलगी सहसा परत येत नाही. पाळी, दहावी, संध्याकाळी उशीर, लोक काय म्हणतील, यांतलं एखादं कारण तिला बाहेर ठेवायला पुरतं. तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, तिची ओळख तिथे आहे. पळणं बंद असतानाही तिला रोज सरावाला पाठवा.

सरांकडे जायचं ते सराव संपल्यावर, मुलं गेल्यावर. ग्राउंडवर सगळ्यांसमोर नको, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. शक्यतो दोघंही जा, म्हणजे "आई घाबरट आहे" हा विषयच निघणार नाही. सोबत एक साधी वही न्या. रोजची झोप, किती पळाली, कुठे दुखलं, महिन्याची उंची. आणि डॉक्टरांची चिठ्ठी. सुरुवात अशी करा: "सर, तुमच्यामुळे ती पळायला लागली, ती तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही. नडगीचं डॉक्टरांनी हे लिहून दिलंय, ते सांगेपर्यंत पळणं बंद आहे. पण ती रोज येईल. बसून, झोपून करायचे कोणते व्यायाम तिला देता?" मग सरांना बोलू द्या. बहुतेक शिक्षक इथे मवाळ होतात, कारण त्यांना भीती असते ती मूल आपल्यापासून तुटण्याची. त्यानंतर गणवेश आखूड झाल्याचं सांगा, संध्याकाळचं पळणं आम्ही बंद केलंय हे सांगा. आणि शेवटी विचारा, "ती पुन्हा पळायला लागली की तिचं वेळापत्रक बाकीच्या मोठ्या मुलांपेक्षा वेगळं ठेवता येईल का? डांबराऐवजी ग्राउंड?" एकाच बैठकीत सगळं मान्य होणार नाही. पहिल्या दिवशी नडगी एवढंच पक्कं करून या.

जिल्हास्पर्धेचं नाव मागे घ्यावं लागेल, हेही त्याच बैठकीत सांगा, शेवटच्या दिवशी नको. सरांना दुसरी मुलगी पाठवता येत असेल तर त्यांना वेळ मिळेल.

काही गोष्टींवर मात्र समजुतीने घ्यायचं नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी देऊनही पळायला लावलं. उशीर झाला, गृहपाठ राहिला म्हणून शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावल्या. पाणी नाकारलं. वजनावरून, अंगावरून सगळ्यांसमोर बोललं गेलं. कुठलीशी गोळी, पावडर, इंजेक्शन दिलं. मालिश करायला एकटीला खोलीत बोलावलं किंवा "घरी सांगू नकोस" असं म्हटलं. यांतलं एकही घडलं तर त्या दिवशीच मुलीला तिथून बाहेर काढा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. शेवटच्या प्रकारात मुख्याध्यापकांवर थांबू नका, तो पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, थेट पोलिसांचा विषय आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही आणि मी तुमच्या सरांवर संशयही घेत नाही. पण मुलीला या गोष्टी आजच, शांतपणे, नाव न घेता सांगून ठेवा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की परतीचा रस्ता असा ठेवा. आधी अर्धा तास भराभर चालून आठवडाभर काही दुखत नाही हे बघायचं. मग गवतावर किंवा मऊ मातीवर, एक दिवसाआड, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. मग सलग दहा मिनिटं, नंतर पंधरा. वेगाचं काम सगळ्यात शेवटी, आणि डांबर या वर्षी नाहीच. जुन्या जागी पुन्हा दुखलं तर दोन दिवस थांबून आधीच्या पायरीवर जायचं. झिजलेल्या तळाचे कॅनव्हास शूज असतील तर सुरुवात करण्याआधी बदला, महाग नको, पण टाचेखाली थोडा दम असलेले. आणि परतीचा एवढा भाग कागदावर लिहून सरांच्या हातात द्या. त्यांनी तो स्वतः चालवला, रोज तिला "दुखतंय का?" असं विचारलं, तर पुढच्या हंगामात तिला त्यांच्याकडेच ठेवा. हिवाळ्यात क्रॉस कंट्रीसाठी तिचं नाव मागितलं गेलं, तर या वर्षापुरतं नाही म्हणा.